सिस्टर चांगल्या, पण…

तो आत आला तेव्हा मृणालीने मान वरही केली नाही. निवडणुकीच्या दिवसांत जळगावच्या त्या छापखान्यात दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी यायचंच. हातात पेन ड्राइव्ह, कानाला मोबाइल आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, अर्जंट आहे."

हा मात्र काहीच बोलला नाही. काउंटरपाशी नुसता उभा राहिला. शेवटी तिनेच विचारलं, "काय छापायचंय?"

"तुमचं चाललंय ते होऊ द्या," तो म्हणाला. "मी थांबतो."

असं म्हणणारं गिऱ्हाईक तिने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून मग तिने मान वर केली. सावळा, उंच, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. आणि डोळे… हसत नसतानाही हसल्यासारखे दिसणारे.

तिने त्याची फाइल उघडली. पडदाभर एक मिशीवाले गृहस्थ हात जोडून उभे होते. खाली कोपऱ्यात, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"उमेदवार हे का?"

"नाही… त्या."

"कोपऱ्यातल्या?"

"सरपंचपद महिलेसाठी आहे ना आमच्याकडे." तो जरा ओशाळला. "त्या बेबाकाकू. आणि हे माझे काका, आबा. गावचे कारभारी."

"मग लोकांनी निवडून कोणाला द्यायचंय, आबांना की काकूंना?"

त्याने डोकं खाजवलं. "खरं सांगू? काकूंनापण अजून ते नीट माहीत नाही."

मृणाली हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. "मी काय करते, काकूंना मोठं करते आणि आबांना कोपऱ्यात बसवते."

"मला घरात जेवायला मिळणार नाही."

"घरात वाढतं कोण? आबा?"

आता तो हसला. मोकळं, मान मागे टाकून. शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटरही वळून बघायला लागला. मृणालीने घाईघाईने माउस धरला. "गाव काय टाकू?"

"निंबोरखेडे. तालुका यावल."

तिचं बोट माउसवर थबकलं. निंबोरखेडे! पण तिने चेहरा तसाच ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "लढत कशी आहे?"

"अटीतटीची." तो काउंटरवर कोपर टेकून बोलू लागला. गावाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी चाळीस एकर गायरान आहे. अर्ध्या गावाच्या शेळ्या तिथं चरतात, पावसाचं पाणी तिथंच मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. समोरच्या पॅनेलच्या ज्योत्स्नाताईंच्या यजमानांना तिथं खडी क्रशर टाकायचाय. ग्रामपंचायतीची ना हरकत मिळाली की सुरुंग सुरू. "मग धूळ काय, केळीवरच बसेल असं नाही, पोरांच्या छातीतही बसेल. त्यांना अडवायचं तर आबांचंच पॅनेल पाहिजे. सरळ सामना असता तर आम्ही जिंकलोच होतो… पण मधेच एक तिसऱ्या उभ्या राहिल्यात."

"अच्छा? कोण?"

"आहेत एक रिटायर नर्सबाई. बाई चांगल्या आहेत हो, पण निवडून काही येणार नाहीत. आमचीच मतं फोडतील, आणि क्रशर गावात आणून बसवतील. कोणीतरी समजवायला पाहिजे त्यांना."

मृणालीने शांतपणे दुसरी फाइल उघडली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर पांढऱ्या साडीतल्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई होत्या. एकट्याच. खाली नाव, 'द्रौपदाबाई सपकाळे'. चिन्हाची जागा अजून मोकळी.

"ह्याच का?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुमच्याकडेच छापताहेत?"

"छापताहेत म्हणजे…" रागाच्या किंवा आनंदाच्या भरात आली की मृणालीच्या तोंडून धुळ्याची बोली निसटायची. "ती मनी मावशी शे! माझी सख्खी मावशी!"

तो दोन पावलं मागे सरकला. "तुम्ही आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं तर खरं ऐकायला कसं मिळालं असतं? आणि समजवायचंय ना कोणीतरी? या रविवारी. मी पण येतेय गावात. तुम्हीच समजवा."

तो जाताना दारात थांबला. "माझं नाव हितेंद्र. हितेंद्र भंगाळे. म्हणजे… रविवारी ओळख विचारलीत तर."

तो गेल्यावर ती बराच वेळ एकाच ओळीतला काना काढत आणि परत घालत बसली.

*

रविवारी तो खरंच आला. द्रौपदामावशीच्या अंगणात तुरकाठ्यांवर वांगी भाजणं चाललं होतं. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं आणि धुराने मृणालीचे डोळे भरून आले होते. त्याला बघून ते पुसायला गेली, तर गालाला काळं लागलं. त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवून खूण केली.

"काय रे भाऊ," मावशी म्हणाली, "आबाने धाडलं का तुले?"

"हो सिस्टर… आणि मी पण आलोय. माझ्या मनानं."

एकतीस वर्षं मावशीने ह्या गावात बाळंतपणं केली होती. समोर उभा असलेला हा पाच फूट अकरा इंचांचा माणूसही तिच्याच हातावर पहिल्यांदा रडला होता. तिने त्याला पाटावर बसवलं, भरीत आणि कळण्याची भाकर वाढली आणि त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मतं फुटतील. क्रशर येईल. दोष सिस्टरांना लागेल.

"तुझं खोटं नाही," मावशी म्हणाली. "मले पण झोप लागत नाही ह्या इचारानं. मले खुर्ची नको रे. मले गायरान पाह्यजे. तू एक काम कर. तुझ्या आबाकडून एका कागदावर लिहून आण, पहिल्याच ग्रामसभेत क्रशरच्या विरोधात ठराव घेतो म्हणून. सही आण. बुधवारी तीन वाजेपर्यंत अर्ज मागे घ्यायची मुदत आहे. कागद आला की मी अर्ज मागे घेते."

हितेंद्रचे डोळे चमकले. "एवढंच? आणतो ना!"

मृणाली त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. "नक्की आणाल?"

"नक्की." मग जरा थांबून, "म्हणजे मावशींनी अर्ज मागे घेतला की… तुमचं गावात येणं बंद?"

"मावशी काय निवडणुकीपुरतीच आहे का माझी?"

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि उगाचच फाटकाची कडी दोनदा लावली.

*

बुधवारी यावलच्या तहसील कचेरीबाहेर मावशी आणि मृणाली लिंबाखाली बसल्या होत्या. मावशीच्या पिशवीत अर्ज मागे घेण्याचा फॉर्म भरून तयार होता. पावणेतीनला हितेंद्रची मोटारसायकल आली. मृणालीने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. मोकळे होते.

"आबा म्हणाले, राजकारणात असं लिहून देत नसतात." त्याला वर बघवत नव्हतं. "म्हणाले, जमीन आहे, कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही."

मावशीने फॉर्म बाहेर काढला, चार तुकडे केले आणि पिशवीत टाकले. "चल मृणाली. चिन्ह घ्यायचं आहे."

चिन्ह मिळालं छत्री. ऐन थंडीत! मृणालीला हसू आवरेना, पण हितेंद्र हसत नव्हता.

"मृणाली, ऐका… आबा लिहून देत नाहीत, हे चूकच आहे. पण त्यांनी आजवर गायरान विकलेलं नाही. ज्योत्स्नाताई आल्या तर महिन्याभरात सुरुंग लागेल. मला समजत नाहीये… मी मत कुणाला देऊ."

"तुम्हाला मनातून कोण पाहिजे?"

"सिस्टर. विचारायला पाहिजे का? सिस्टर चांगल्याच आहेत, पण…"

"पण!" तिचा आवाज चढला. "हा पण घेऊन येऊ नका माझ्याकडे. जळगावच्या काउंटरवर चालला, इथं नाही."

ती वळली आणि चालू लागली. मागून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. तिने मागे पाहिलं नाही… म्हणजे, एकदाच पाहिलं.

*

छापखान्याच्या मालकांनी तोंड वाकडं केलं, पण आठ दिवसांची रजा दिली. मृणाली मावशीबरोबर घरोघर हिंडू लागली. आणि दर उंबऱ्यावर तिला तेच ऐकायला मिळालं. कमलबाई महाजन म्हणाल्या, "सिस्टर, माह्या दोन्ही पोरी तुम्हीच वाचवल्या. देवासारख्या तुम्ही. पण मत वाया जाईन वं माय!" शाळेचे गुरुजी म्हणाले तेच, किराणावाला म्हणाला तेच. बौद्धवाड्यातले मावशीचे मामेभाऊसुद्धा मान खाली घालून म्हणाले, "अक्का, आपलं मन तुमच्याकडंच आहे. पण ह्यावेळी धोका नको."

पाचव्या दिवशी मृणाली ओट्यावर बसून रडलीच. "मावशी, आपल्यामुळे खरंच क्रशर आला तर? जन्मभर लोक आपल्यालाच बोलतील. जाहीर करून टाकू का, कपबशीला मत द्या म्हणून?" कपबशी म्हणजे बेबाकाकूंचं चिन्ह.

मावशी तिच्याशेजारी टेकली. तिचेही पाय सुजले होते आणि चेहरा उतरला होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. हितेंद्र होता. हातात आबांच्या पॅनेलची मतदार यादी, गुंडाळी करून धरलेली.

"आत येऊ? 'पण' घेऊन आलोय," तो म्हणाला. "माझा नाही. गावाचा."

मृणालीने डोळे पुसले. "म्हणजे?"

"मी आठवडाभर आबांसाठी घरोघर फिरतोय. मला कोणी सिस्टरांचं नातेवाईक समजत नाही, म्हणून खरं बोलतात. आमच्याच पक्क्या घरांत विचारलं, तरी म्हणतात, मनातून सिस्टर होत्या, पण त्या येत नाहीत, म्हणून तुम्हाला. मी अशा प्रत्येक घरापुढे बारीक फुली करत गेलो." त्याने यादी तिच्या मांडीवर उलगडली. पानंच्या पानं फुल्यांनी भरली होती. "ज्योत्स्नाताईंच्या गल्लीतसुद्धा आहेत. मोजा तुम्हीच."

तिने मोजलं. त्याने मोजलं. एकदा दोघांची बोटं एकाच फुलीवर आली आणि तिथंच राहिली… मावशी खाकरली तेव्हा निघाली. तीनशे अठ्ठावीस घरं.

"म्हणजे," मृणाली हळूच म्हणाली, "मावशी येत नाही असं समजून जे मावशीला मत देत नाहीत, त्या सगळ्यांनी दिलं तर…"

"तर सिस्टर येतात," हितेंद्र म्हणाला. "प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच आहोत. मलाही तेच वाटत होतं."

"मग हे सांगायचं कसं लोकांना? यादी दाखवून?"

"यादी नाही दाखवायची," मावशी बोलली. तिचा आवाज एकदम बाळंतिणीच्या खोलीतला झाला, ठाम आणि गडबड न करणारा. "ती लोकांनी इश्वासानं सांगितलेली गोष्ट आहे. फाडून टाक ती. लोकांनाच इचारू. सगळ्यांच्या समोर."

*

प्रचाराचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला मावशी पारावर उभी राहिली. मांडव नाही, फक्त मृणालीने धरलेला एक माइक. तिसऱ्या उमेदवाराची सभा बघायला म्हणून सगळं गाव जमलं होतं. काही ज्योत्स्नाताईंची माणसं मागे मोबाइलवर शूटिंग करत होती. समोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून आबा बसले होते, आणि त्यांच्या पॅनेलची पोरं भोवती. त्यांच्यातच हितेंद्र.

"मले भाषण येत नाही," मावशी म्हणाली. "मले एकच गोष्ट इचारायची आहे. मत कोणाले देणार ते सांगू नका, ते गुपित ऱ्हायलं पाह्यजे. फक्त एवढं सांगा… 'सिस्टर चांगली, पण येत नाही, म्हणून मत वाया जाईन' असं ज्याले ज्याले वाटते, त्यानं हात वर करा."

कोणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतं, कोणी शेजाऱ्याकडे बघत होतं. एकही हात वर येईना. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं.

आणि ओट्यावर, आबांच्या खुर्चीमागे, एक हात वर गेला. पांढरी बाही, तपकिरी डाग.

आबांनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर ताठली. हितेंद्रने हात खाली घेतला नाही. तो आबांकडे बघत नव्हता, मृणालीकडेही नाही. सरळ समोर बघत होता, ओठ घट्ट मिटून.

मग कमलबाईंचा हात. मग त्यांच्या दोन्ही लेकींचे. गुरुजींचा. किराणावाल्याचा. बौद्धवाड्याच्या कोपऱ्यात एकदम पंधरा-वीस हात वर गेले. बायकांच्या बाजूने बांगड्यांचा आवाज होत गेला, रांगेमागून रांग… आणि ज्योत्स्नाताईंच्या गल्लीतले चार-सहा हात बिचकत का होईना वर आले. माणसं हात वर ठेवूनच एकमेकांकडे बघू लागली. "आं? तू पण?" "अरे, तू तर कपबशीचा होता!" कोणीतरी हसलं, मग सगळा पार हसायला लागला.

मावशीने चष्मा काढून पुसला. "झालं माझं," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही पाहा."

*

मंगळवारी यावलला मोजणी झाली. शेवटच्या फेरीपर्यंत ज्योत्स्नाताई बारा मतांनी पुढे होत्या. कठड्यापाशी उभी मृणाली बोटांवर बेरजा करत होती. शेवटचं यंत्र उघडलं ते बौद्धवाडा आणि महाजन गल्लीचं.

द्रौपदाबाई आठशे अकरा. ज्योत्स्नाताई सातशे चौऱ्याऐंशी. बेबाबाई सातशे दोन.

सत्तावीस मतांनी!

बाहेर एकच कल्लोळ उसळला. ढोल कुठून आले कुणास ठाऊक. एका बाजूने गुलाल उडत होता, दुसऱ्या बाजूने नीळ, आणि मधे मावशी चष्मा सांभाळत जांभळी होऊन गेली होती. कमलबाईंनी तिला चक्क उचललं.

गर्दीतून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वाट काढत मृणालीपाशी आली. मृणालीने तिला लगेच ओळखलं. पोस्टाच्या तिकिटात दिसायची त्यापेक्षा बेबाकाकू बऱ्याच उंच होत्या.

"तू त्या छापखान्यातली ना?" त्यांनी कानाशी तोंड आणलं. "आबाले सांगू नको. मी पण छत्रीचंच बटण दाबलं."

"काकू!"

"मग काय करू? मले कोणी इचारलं होतं का उभं राहतेस का म्हणून? आणि ऐक. हितू चार दिवसांपासून मळ्यात राहून राह्यला. डबा मीच धाडते. आबा निवतील हळूहळू. त्याच्या मायचं मी पाहून घेते." त्यांनी मृणालीच्या गालावरून हात फिरवला. "तो तिकडं उभा आहे. जाय."

तो कचेरीच्या भिंतीपाशी, गर्दीपासून जरा बाजूला उभा होता. केसांत गुलाल, भुवयांवर नीळ.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"तुमचंही. मत वाया गेलं नाही तुमचं."

"गेलं असतं तरी दिलं असतं," तो म्हणाला. "हात वर केला ना, तेव्हा कळलं मला. हरलो तरी चालेल, पण मनात एक आणि बोटात दुसरं असं नको… मृणाली, दुसरीही एक गोष्ट आहे मनात. पहिल्या दिवसापासून. तुम्ही पडदा वळवला ना माझ्याकडे, तेव्हापासून."

ढोल अगदी जवळ आला होता. "काय?" ती मुद्दाम कानाला हात लावून म्हणाली.

"तुम्ही मला आवडता!" तो ओरडला, आणि नेमका त्याच क्षणी ढोल थांबला.

सगळे वळले. कमलबाई वळल्या, गुरुजी वळले, बंदोबस्तावरचा हवालदारसुद्धा वळला. हितेंद्रचा चेहरा गुलालापेक्षा लाल झाला.

मृणालीला वाटलं, आता पळून जावं. पण ती उलट एक पाऊल त्याच्याकडेच सरकली. "धुळ्याला या, देवपूरला," ती हळू म्हणाली. "पप्पांना भेटायला. आणि लवकर या."

*

तो रविवारीच आला. मधल्या दिवसांत मावशीने पदभार घेऊन लगेच ग्रामसभा बोलावली होती, आणि गायरानावर क्रशर नको हा ठराव हात वर करून मंजूर झाला होता. तो अंगठ्यांनी आणि सह्यांनी भरलेला कागद मावशीने त्याच्याबरोबर खास मृणालीला बघायला पाठवला होता. शेवटून चौथी सही आबांची होती.

मृणालीचे वडील, सुकदेव तायडे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. धुळ्याला पोचायला त्याला किती वेळ लागला, कुठल्या गाडीने आला, हे सगळं विचारून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. "तुमचे लोक काय म्हणतील, आमचे काय म्हणतील, ह्याचा विचार केला का?"

"केला, काका. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोरीला घेऊन ये, पाहू दे तरी. बाकीचे बोलतील अजून. मी ऐकून घेईन. पण माझं ठरलंय."

"आणि लग्नानंतर ही राहणार कुठं? मळ्यात की जळगावला?"

"ते तिला विचारा ना. नोकरी तिची आहे."

पप्पांनी लेकीकडे पाहिलं. ती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"काय गं? तुझं मत काय?"

मृणालीने ट्रे खाली ठेवला. मागेपुढे बघितलं नाही, पदराशी खेळली नाही, लाजलीही नाही… थोडीशीच लाजली.

"माझं हो आहे, पप्पा."

"पण?" पप्पांनी सवयीने विचारलं.

"नुसतं हो," ती म्हणाली, आणि हितेंद्र मान मागे टाकून इतका मोकळा हसला की स्वयंपाकघरातून आई काय झालं म्हणून धावत बाहेर आली.